परदेशातली नोकरी संपवून घरी येताय? बोट घेण्याआधी हे वाचा



मे महिना आला की आपल्या वाड्यांवर माणसं वाढतात. बंदी जवळ आली म्हणून बोटी आवरणारे आपले तांडेल-खलाशी असतातच. शिवाय आखातातून, जहाजांवरून, इंग्लंडमधून आलेले भाऊ, मुलगे, जावई दिसायला लागतात. बहुतेक जण महिनाभर राहून परत जातात. पण दरवर्षी दोन-चार जण तरी म्हणतात, "पुरे झालं आता. परत नाही जाणार." घरात आनंद होतो, गोडधोड होतं. आणि आठवडाभरात तोच विषय निघतो. जमवलेले पैसे आहेत, बोट घेऊ का?

हा प्रश्न घेऊन बरेच जण आमच्याकडे येतात. कुणाचं भलं झालेलं आम्ही पाहिलंय, कुणाची वीस वर्षांची कमाई तीन सीझनमध्ये गेलेलीही पाहिली. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

येणं दोन प्रकारचं

गोवा, कारवार, सिंधुदुर्ग या पट्ट्यातून माणसं नोकरीसाठी दर्यावर आणि दर्यापार जातात ही काही आजची गोष्ट नाही. जुन्या पिढीतले गोंयकार आधी मुंबईत आपल्या गावच्या कुडात उतरत आणि तिथून आगबोटीवर चढत. 1970 नंतर तेलाच्या पैशावर आखात उभं राहिलं, तसा ओघ तिकडे वळला. पुढे क्रूझ जहाजं आली.

ठरवून येणारा माणूस आणि अचानक यावं लागलेला माणूस यांच्यात फरक असतो. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेव्हा सुमारे 1,70,000 भारतीयांना जॉर्डनच्या अम्मानमार्गे विमानाने परत आणावं लागलं. त्यात आपलीही माणसं होती आणि कित्येकांच्या हातात एका बॅगेपलीकडे काही नव्हतं. 2020 मध्ये करोनात क्रूझ बंद पडल्या, तेव्हा हजारो दर्यावर्दी असेच घरी आले. तेव्हा परत येण्याचा विचार नोकरीत असतानाच करायचा असतो. राजीनामा दिल्यावर तो सुरू केला तर उशीर झालेला असतो.

निघण्याआधी हिशेब मागा

आखातात नोकरी संपताना जी रक्कम मिळते तिला आपण ग्रॅच्युइटी किंवा सेटलमेंट म्हणतो. ती कंपनीची मेहेरबानी नाही, तिथल्या कायद्याने मिळणारा हक्क आहे. प्रत्येक देशाचा हिशेब वेगळा.

यूएईमध्ये पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला 21 दिवसांचा आणि त्यापुढे वर्षाला 30 दिवसांचा पगार, तोही बेसिकवर. समजा बेसिक 2,000 दिरहम आणि नोकरी 12 वर्षांची. पहिल्या पाच वर्षांचे 105 दिवस, पुढच्या सात वर्षांचे 210, एकूण 315 दिवस. म्हणजे 21,000 दिरहम. नोकरी संपल्यापासून 14 दिवसांत देणं चुकतं करायचं असा तिथला नियम आहे.

कुवेतमध्ये मासिक पगारदाराला पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला 15 दिवसांचा आणि पुढे वर्षाला एक महिन्याचा पगार मिळतो. पण स्वतःहून राजीनामा दिला तर तीन ते पाच वर्षं नोकरी झालेल्याला अर्धी रक्कम आणि पाच ते दहा वर्षंवाल्याला दोन तृतीयांश. पूर्ण रक्कम हवी तर दहा वर्षं भरावी लागतात. नऊ वर्षं आणि दहा महिने झालेल्या माणसाने घाईने राजीनामा देऊ नये, तो याचसाठी.

आपल्याकडची माणसं इथे चुकतात. "साहेब चांगला आहे, मागाहून पाठवतो म्हणाला" असं सांगत विमानात बसतात. इथे आल्यावर तिथल्या कंपनीशी भांडायला ना ताकद उरते, ना कागद. तेव्हा पैसे खात्यात आल्याशिवाय रकमेच्या पावतीवर सही करू नका. पगाराच्या स्लिपा आणि कराराची प्रत सोबत आणा.

बँकेत जाऊन सांगा की आपण परत आलो

कायमचं परत आल्यावर एनआरई आणि एनआरओ खाती तशीच चालू ठेवता येत नाहीत. बँकेला कळवून ती रहिवासी खात्यात बदलायची असतात. परकीय चलनातच पैसे ठेवायचे असतील तर आरएफसी खातं उघडता येतं. एफसीएनआर ठेव मात्र मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने चालू राहते. एनआरई ठेवीचं व्याज परदेशात असेपर्यंत करमुक्त असतं, रहिवासी झाल्यावर ती सवलत राहत नाही.

बरीच वर्षं बाहेर काढलेल्याला परतल्यावर काही काळ आयकरात 'आरएनओआर' दर्जा मिळू शकतो. मागच्या दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असलेला माणूस त्यात बसतो. या काळात परदेशातल्या उत्पन्नावर साधारणपणे इथे कर लागत नाही. सीएला एकदा पासपोर्टवरचे शिक्के दाखवून तारखा मोजून घ्या. त्याची फी वाया जात नाही.

पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांसाठी

गोव्यातल्या बऱ्याच घरांत हा विषय आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. मग परत येऊन राहायचं तर ओसीआय कार्ड लागतं. त्यावर आयुष्यभर येता-राहता येतं, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारसाने मिळू शकते. बोटीच्या मालकीतही नागरिकत्व विचारलं जातं. म्हणून कुणाच्याही नावावर बोट करण्याआधी मत्स्योद्योग खात्यात जाऊन विचारा. नुसत्या विश्वासावर भावाच्या किंवा मेहुण्याच्या नावे बोट घ्यायची आणि नंतर कोर्टात जायचं, असं होऊ देऊ नका.

आता बोटीचं

पंधरा-वीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या डोक्यात त्या वेळचा दर्या असतो. रापण ओढलेली, बांगड्याने भरलेली होडी, पहाटेचा लिलाव. दर्या तिथेच आहे, पण धंदा बदलला.

2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर ओळखपत्राशिवाय दर्यात जाणं बंद झालं. कोस्ट गार्ड आणि सागरी पोलीस कागद तपासतात. नोव्हेंबर 2017 पासून एलईडी दिवे लावून आणि दोन बोटींनी मिळून बुल ट्रॉलिंग करून मासेमारी करायला केंद्राची बंदी आहे. वादळं वाढली. 2017 चं ओखी, 2019 चं क्यार, 2021 चं तौक्ते, प्रत्येक वेळी बोटी बंदरात उभ्या राहिल्या. तारली एखाद्या वर्षी ढिगाने लागते आणि पुढच्या वर्षी दिसतच नाही.

पैशाचा हिशेब असा बघा. गोव्यात आणि कर्नाटकात 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस यांत्रिक बोटींना बंदी. उरले 304. त्यातून वादळाचे, इंजिन बिघडल्याचे, खलाशी गावी गेल्याचे आणि सणाचे दिवस वजा करा. कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने येतो. आपल्याकडच्या ट्रॉलरवर आज ओडिशा, झारखंड, आंध्रची माणसं काम करतात. त्यांना सीझनआधी उचल द्यावी लागते. उचल घेऊन माणूस आलाच नाही तर ते पैसे गेले समजा. डिझेल, बर्फ, रेशन रोख. आणि दलालाकडून पैसे उचलले की मासळी त्यालाच घालायची, तो म्हणेल त्या भावात.

हे सगळं माहीत असूनही बोट घ्यायचीच असेल तर चार गोष्टी ऐका.

पहिली: एक सीझन दुसऱ्याच्या बोटीवर जा. मालक म्हणून नाही, कामाला. ऑगस्ट ते मे. जेटीवरचे भाव, दलाल, खलाशी, सगळं कळेल. लाज वाटायचं कारण नाही.

दुसरी: जुनी बोट पाण्यात असताना घेऊ नका. जूनमध्ये ती वर ओढल्यावर तळ बघा. जुन्या लाकडावर फायबरचा थर चढवला की बाहेरून नवी दिसते, आत फळी कुजलेली असते. जाणत्या सुताराला सोबत न्या. इंजिन, गिअरबॉक्स आणि विंच आपल्या मेकॅनिककडून तपासून घ्या, विकणाऱ्याच्या नाही.

तिसरी: नोंदणी, परवाना, विमा आणि बोटीवरचं जुनं कर्ज बघा. बँकेचा 'कर्ज नाही' असा दाखला लेखी घ्या.

चौथी: सगळी कमाई बोटीत घालू नका. घर आणि मुलांचं शिक्षण यांचे पैसे वेगळे, आणि एक वर्षाचा घरखर्च वेगळा. उरतील त्यातून बोटीचं बघा. डिझेल-बर्फासारख्या चालू खर्चासाठी मच्छीमारांनाही किसान क्रेडिट कार्ड मिळतं, त्याची चौकशी करा. आणि दर्यात उतरण्याआधी मत्स्यसंपदा योजनेतल्या गट अपघात विम्यात नाव घाला. वय 18 ते 70, मृत्यू किंवा कायमच्या संपूर्ण अपंगत्वाला 5 लाख, हप्ता सरकार भरतं.

बोटीशिवायही काम आहे

जहाजाच्या इंजिन रूममध्ये पंधरा वर्षं काढलेल्या माणसाने मासेमारीच केली पाहिजे असं नाही. भर सीझनमध्ये इंजिन बिघडलं की मेकॅनिकची वाट बघत बोट उभी राहते, हे प्रत्येक मालक जाणतो. रेफ्रिजरेशन येणारा, वेल्डिंग येणारा, वायरिंग येणारा माणूस जेटीवर हवाच आहे. जहाजावरच्या किचनमध्ये स्वच्छतेचे नियम शिकलेला माणूस मासळी साफ करून पॅक करण्याचा धंदा आपल्यापेक्षा चांगला करेल. यात भांडवल कमी लागतं आणि बंदीच्या दोन महिन्यांत तर काम उलट वाढतं.

घरच्यांसाठी दोन शब्द

परत आलेल्या माणसाला वाड्यावर सगळ्यात जास्त टोचणारा प्रश्न म्हणजे, "मग परत कधी जाणार?" तो विचारू नका. पहिले सहा महिने त्याला झोप लागत नाही, पगाराची तारीख आली की अस्वस्थ होतो, गावात ओळखीची माणसं कमी झालेली असतात. अशा वेळी काही जण बारकडे वळतात. त्याला एकटं सोडू नका. जाळी शिवायला बोलवा, लिलावाला न्या.

आणि परत आलेल्या भावांनो, तुम्हीही एक ध्यानात घ्या. तुम्ही बाहेर असताना घर बायकोने चालवलं. पहाटे जेटीवरून मासळी उचलून बाजारात बसली, मुलांची शाळा पाहिली, बँक पाहिली, सासू-सासऱ्यांचं दुखणं पाहिलं. तुम्ही येताच सगळा व्यवहार हातात घेऊन तिला बाजूला केलंत तर भांडण होणारच. बोट घ्यायची की नाही हे तिला विचारा. मासळीचा भाव तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतो.

यंदा कुणी परत येणार असेल तर बंदीच्या दोन महिन्यांत सोसायटीत या. जून-जुलैमध्ये आम्हालाही वेळ असतो. करार, बँकेचे कागद, बघितलेल्या बोटीचा नंबर घेऊन या, बसून हिशेब मांडू. सौद्याची बोलणी त्यानंतर करा. 1 ऑगस्टला बोटी बाहेर पडणार म्हणून जुलैच्या शेवटच्या आठवड्यात घाईने बयाणा देऊ नका. बोटी पुढच्या जूनमध्येही विकायला असतात.