आधी नदीची जागा, मग इमारती

अमेरिकेतल्या आयोवा सिटीत आयोवा नदी विद्यापीठाच्या आवारातूनच वाहते. जून २००८च्या महापुरात विद्यापीठाच्या वीसेक इमारतींचं नुकसान झालं. हँचर सभागृह तर पाडावंच लागलं. नवं हँचर २०१६मध्ये उंचावर उभं राहिलं.

शहराचं पाऊल त्याहून धाडसी. रॅल्स्टन ओढा नदीला मिळतो, तिथलं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र हटवलं आणि काम दक्षिणेच्या केंद्राकडे वळवलं. मोक्याची ही जागा बिल्डरला न देता तिथे उद्यान आणि पाणथळ केली, म्हणजे पुराला पसरायला वाव. नवी घरं आजूबाजूच्या ‘रिव्हरफ्रंट क्रॉसिंग्ज’ भागात. तिथल्या दहा किंवा अधिक घरांच्या प्रकल्पांत १० टक्के घरं परवडणारी हवीत, नाहीतर त्याबदली शहराच्या निधीत रक्कम भरायची. ही पळवाट मात्र खटकते.