आधी क्लिक, मग खेळ

२००६ साली इंटरनेट एक्सप्लोरर वापरणाऱ्यांना हा वैताग आठवेल. पानावर फ्लॅशमधला खेळ समोर दिसतोय, पण बटण दाबलं तरी ढिम्म. माउस वर नेला की भोवती चौकट उमटायची आणि बारीकशी सूचना यायची: वापरण्यासाठी आधी क्लिक करा. म्हणजे पहिला क्लिक नुसता ‘ऊठ बाबा’ म्हणायला, कामाचा तो दुसरा. मशीन बिघडलंय असंच कुणालाही वाटावं. भानगड होती ती कोर्टातली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मायकेल डॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये पेटंटचा अर्ज केला. ते १९९८ मध्ये मिळालं. पानाच्या कोडमधली खूण वाचून ब्राउझरने दुसरा प्रोग्राम आपोआप सुरू करायचा आणि तो पानातच हाताळता यावा, ही कल्पना आमची, असा त्यांचा दावा. डॉयल यांच्या इओलास कंपनीने मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं आणि २००३ मध्ये शिकागोच्या ज्युरीने सुमारे ५२ कोटी डॉलरची भरपाई ठरवली.

मग मायक्रोसॉफ्टने ‘आपोआप’ या शब्दावरच बोट ठेवलं. माणसाने क्लिक केल्यावर सुरू झालं, तर ते आपोआप कसलं? दुसरी पळवाट तर वकिलालाच सुचावी अशी. तीच खूण वेगळ्या फाइलमधल्या जावास्क्रिप्टकडून पानात लिहून घेतली, की जादा क्लिक लागत नसे. खूण मूळ पानात नव्हती, बाहेरून आली, एवढाच काय तो फरक! दोन-चार ओळींसाठी वेगळी फाइल करायची ही नवी हमाली वेब डेव्हलपरांच्या गळ्यात पडली.

खरं तर बर्कलीतल्या पेई-युआन वेई या विद्यार्थ्याने ‘व्हायोला’ नावाचा ब्राउझर आधीच बनवला होता. पानातच चालणारा प्रोग्राम त्याने मे १९९३ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सच्या इंजिनिअरांना दाखवलाही होता. गंमत म्हणजे बर्कलीही कॅलिफोर्निया विद्यापीठाचंच. पण शिकागोच्या ज्युरीला हा पुरावा विचारात घेऊ दिला नव्हता; अपिलात ती चूक ठरली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी पेटंट कार्यालयाला फेरतपासणीसाठी पत्र लिहिलं, तरी २००५ मध्ये कार्यालयाने पेटंट कायम ठेवलं.

२००७ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि इओलासमध्ये तडजोड झाली, पुढच्या वर्षी जादा क्लिक गेला. इओलासने मग गुगल, ॲमेझॉन वगैरेंकडे मोर्चा वळवला. २०१२ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी वेई आणि बर्नर्स-ली दोघंही साक्षीला उभे राहिले आणि ज्युरीने पेटंटमधले दावे अवैध ठरवले. मायक्रोसॉफ्टने तडजोड केली त्याला तेव्हा जवळपास साडेचार वर्षं झाली होती.