समुद्रकाठचा मुक्काम आणि बिलाची बेरीज

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर कुटुंबासाठी मुक्कामाचे ठळक पर्याय तीन : गणपतीपुळे, तारकर्ली येथील महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने, दिवेआगर, मुरुड-हर्णै यांसारख्या गावांतील घरगुती निवास आणि दक्षिण गोव्यातील तारांकित रिसॉर्ट. यांची तुलना बहुधा खोलीभाड्यावरून होते. परंतु त्या भाड्यात काय धरले आहे, हे पाहिल्याखेरीज ती फसवी ठरते.

दरपत्रकात भाड्यापुढे ‘ईपी’ असल्यास नुसती खोली मिळते, ‘सीपी’त सकाळचा नाश्ता धरलेला असतो, ‘एमएपी’त नाश्त्यासह एक जेवण आणि ‘एपी’त दोन्ही जेवणे. मुलांसाठी जादा गादीचा आकार वेगळा लागतो, आणि कितव्या वर्षापर्यंत मूल फुकट, हे प्रत्येक ठिकाणी निराळे असते. कराचा टप्पा तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जात असल्याने ७,५०० रुपयांची खोली करासह ७,८७५ रुपयांना, तर ७,६०० रुपयांची ८,९६८ रुपयांना पडते. भाड्यातील शंभराचा फरक बिलात हजारावर जातो.

जेवणाच्या बिलातील ‘सेवा शुल्क’ हा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते आपोआप लावता येत नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ही तत्त्वे उचलून धरली. ३१ डिसेंबरच्या ‘गाला डिनर’ची गोष्ट वेगळी, काही रिसॉर्टमध्ये ते आरक्षणाचीच अट असते.

सोयींच्या बाबतीत लहान मुले असलेल्यांना तारांकित रिसॉर्टचा तरणतलाव सोयीचा वाटतो, आणि गणपतीपुळ्याचा समुद्र पोहण्यास धोक्याचा आहे हे ध्यानात घेता, ती चैन म्हणता येत नाही. महामंडळाची जागा किनाऱ्यालगतची, पण सेवा निवांत. घरगुती निवासात आंघोळीचे गरम पाणी वेळेवर मिळेल याची खात्री नसली, तरी आदल्या दिवशी सांगितल्यास ताटात उकडीचे मोदक येतात. मासळीच्या ताटाचा दर मात्र त्या दिवशीच्या बाजारावर ठरतो. आजी-आजोबा आणि नातवंडे बरोबर असतील, तर जेवणासह माणशी दर सांगणारे घरगुती निवासच हिशेबाला सरळ पडते.

पर्याय कोणताही असो, आरक्षणापूर्वी मुलांची वये कळवून जादा गादी, जेवण आणि करासह एकूण रक्कम लेखी मागून घ्यावी.