राखण कागदाची

चित्रांचं संग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात ती कॅनव्हासवरची मोठमोठी तैलचित्रं. पण रेखाटनं, जलरंगातली चित्रं, छापचित्रं, पेस्टलची म्हणजे रंगीत खडूंची चित्रं ही सगळी मंडळी असतात कागदावर. आणि कागदाची प्रकृती भारी नाजूक! म्हणून मोठ्या संग्रहालयांत त्याच्या देखभालीसाठी वेगळा विभागच असतो. १८७० साली स्थापन झालेल्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये मार्जोरी शेली या बाईंनी या विभागाची धुरा कित्येक वर्षं वाहिली. कलावस्तू कशा हाताळाव्यात यावरचं त्यांचं पुस्तक १९८७ साली निघालं.

अशा विभागाच्या प्रमुखाचं काम काय असेल? फाटलेलं जोडायचं, डाग काढायचे, असं आपल्याला वाटतं. ते तर आहेच. पण सगळ्यांत अवघड काम म्हणजे ‘नाही’ म्हणणं!

याच संग्रहालयात देगा या फ्रेंच चित्रकाराचं, केस विंचरून घेणाऱ्या स्त्रीचं एक सुरेख पेस्टल आहे. हॅवमायर बाईंच्या संग्रहातून ते १९२९ साली इथे आलं. मूळचा फिकट हिरवा कागद आता करडा झाला आहे. हा हिरवा रंग परत आणता येत नाही, बरं का! उजेडानं झालेलं नुकसान कधी भरून निघत नाही. उलट, थोडं थोडं करून ते साठत जातं. म्हणून कागदावरची चित्रं फक्त ५० लक्स इतक्या मंद उजेडात, तीही साधारण तीनच महिने मांडायची आणि मग अंधारात विश्रांतीला ठेवायची, असा रिवाज आहे. (भर उन्हात हा आकडा लाखाच्या घरात जातो!) त्यातून पेस्टलचा रंग म्हणजे कागदावर टेकलेली नुसती भुकटी. प्रवासातल्या हादऱ्यांनीसुद्धा ती गळते. दुसऱ्या संग्रहालयानं प्रदर्शनासाठी असं चित्र मागितलं, बघायला लोक उत्सुक असले, तरी ‘हे चित्र प्रवास सोसणार नाही’ हे विभागाच्या प्रमुखालाच सांगावं लागतं. आज चार लोक नाराज होतील. पण पन्नास वर्षांनी येणाऱ्यांची बाजू कुणी घ्यायची?

दुरुस्तीचाही एक दंडक आहे. जे करायचं ते पुढे कुणाला सोडवता आलं पाहिजे. आपण कच्चा टाका घालतो ना, तसंच! फाटलेल्या जागी मागून जपानी कागदाची पातळ पट्टी लावतात. हा कागद तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून करतात. आणि चिकटवायला काय, तर गव्हाच्या सत्त्वाची खळ! कुरडयांसाठी आपण चीक काढतो, त्याच्याच जातीची ही वस्तू. पाण्याचा हात लावला की पट्टी अलगद सुटते. कामाला हात लावण्याआधी आणि नंतर फोटो काढायचे, काय केलं ते लिहून ठेवायचं, ही शिस्तही पाळावी लागते.

आता आपल्या घराकडे वळू या. आजोबांची पत्रं, जुने फोटो, आईच्या हातची पाककृतींची वही कुठे ना कुठे असतेच. फाटलं की आपण चटकन चिकटपट्टी लावतो. पुढे तिचा गोंद पिवळा पडतो, कागदात मुरतो आणि निघता निघत नाही. लॅमिनेशनही नको, तेही सोडवता येत नाही. टाचण्या आणि क्लिपा गंजतात, त्या काढून टाका. कागद घडी न घालता सपाट ठेवा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून किंवा माळ्यावर ठेवू नका. ओल आली की बुरशी आणि कसर आलीच. फोटो भिंतीवर लावायचा असेल तर त्याची प्रत लावा, मूळ फोटो कपाटात असू द्या.

आणि कागद फारच जीर्ण झाला असेल, तर त्याला हात न लावता दोन स्वच्छ पांढऱ्या कागदांत ठेवून द्या. जाणत्या माणसाला दाखवेपर्यंत तेवढं पुरे.