‘पुरावा चाळला’ म्हणजे काय?

एका जुन्या इंग्रजी चौकशी अहवालाचा अनुवाद करताना ‘सिफ्ट’ या साध्या क्रियापदापाशी मी चुकलो. समितीने सगळा पुरावा ‘सिफ्ट’ केला, असे मूळ वाक्य. कोशात ‘चाळणे’ हा अर्थ पाहून मी ‘समितीने पुरावा चाळला’ असे लिहून मोकळा झालो. कुसगावातल्या माझ्या शेजाऱ्यांनी, निवृत्त शिक्षकांनी, ते वाचून विचारले, “म्हणजे नुसता वरवर पाहिला का?” अर्थ नेमका उलटा झाला होता.

असे का व्हावे? इंग्रजीत ‘सिव्ह’ म्हणजे चाळणी आणि ‘सिफ्ट’ म्हणजे चाळणे. क्रियापद अवजाराच्याच घराण्यातले. त्यामुळे ‘सिफ्ट’ म्हणताच डोळ्यांपुढे जाळी येते : पीठ खाली, कोंडा वर. खऱ्याखोट्याची निवड हा लाक्षणिक अर्थ तिथूनच आला. आपले ‘चाळणे’ मात्र संस्कृत ‘चल्’ धातूच्या प्रयोजक रूपातले. मूळ अर्थ हलवणे. पीठ हलवायचे म्हणून ते चाळायचे, आणि पाने हलवायची म्हणून पुस्तकही चाळायचे. इंग्रजीची नजर जाळीवर, मराठीची हातावर.

निवडीच्या कामाला मराठीत शब्दांची वाण नाही. दिवाळीच्या सुमारास मावळात भात कापणीला येते. झोडलेले भात वाऱ्यावर उफणतात, फोल उडून जाते. उरलासुरला कोंडा सुपात पाखडून काढतात. गिरणीतून आलेल्या इंद्रायणीतली कणी चाळणीने वेगळी होते. शिजवण्याआधी तांदूळ पाण्यात रोळले की खडे तळाशी राहतात. वारा, वजन, आकार, पाणी : निवड ज्याच्या जोरावर होते, त्याप्रमाणे शब्द बदलतो. चहा तर गाळायचाच. तिथे ‘सिफ्ट’ही चालत नाही, कारण शब्दशः अर्थाने ते कोरड्या जिनसांपुरते.

मग पुराव्यासाठी शब्द कोणता? ‘छाननी’. उमेदवारी अर्जांमुळे तो सर्वांच्या परिचयाचा आहे. गंमत म्हणजे तोही हिंदीतल्या ‘छानना’चा, म्हणजे गाळण्या-चाळण्याचाच नातलग. चाळणी हवीच होती; ती दुसऱ्या दाराने आली.

वाक्य दुरुस्त केले : ‘समितीने पुराव्याची छाननी केली.’ आधीचे तसेच छापले गेले असते, तर साक्षीदारांचे म्हणणे कोणी नीट वाचलेच नाही, असा वाचकांचा ग्रह झाला असता. तेव्हापासून कोश नुसता चाळून मी थांबत नाही.