दावं सोडल्यावर

मे महिन्यात दुपारी दोनला मामांच्या गोठ्यात एकच काम असतं. गायीच्या भकाळीवर नजर ठेवून उभं राहायचं आणि ती किती वेळा वर-खाली होते ते मोजायचं. पंधरा सेकंद मोजायचं नि चारानं गुणायचं. माझे एकवीस भरले. म्हणजे मिनिटाला ८४ श्वास.

"शेपटीचा फटकारा बी मोजायलास तू," मामा म्हणाले. "परत मोज."

परत मोजले तर अठरा. मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं ७२ लिहिलं. वर सकाळचं दूध आणि फॅट आधीच लिहिलेलं होतं. आठ जनावरांच्या गोठ्याचं दप्तर म्हणजे हे कॅलेंडर. गाय कधी भरवली, कधी आटवली, लाळ्या-खुरकुताची लस कधी टोचली, सगळं एकादशी-चतुर्थीच्या गर्दीतच कुठंतरी कोंबलेलं. मामांशिवाय ते कुणाला वाचता येत नाही, मामींनाही नाही.

एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन गाय सावलीत निवांत असली तर मिनिटाला चाळीसच्या आसपास श्वास घेते. साठच्या पुढं आकडा गेला की ऊन तिला बाधायला लागलं असं समजायचं. ऐंशीच्या पुढं गेला की त्रास. आणि जीभ बाहेर येऊन तोंडातून लाळेची तार लोंबायला लागली की मोजत बसायचं नाही, पाणी घेऊन पळायचं. हे मोजायला ना यंत्र लागतं, ना वीज. म्हणूनच की काय, फारसं कुणी मोजत नाही.

जळकोट हे तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव. नळदुर्ग मागं टाकलं की थोड्याच वेळात येतं. माझं हे आजोळ. लहानपणी सुट्टीत यायचो तेव्हा दावणीला देवणी असायच्या. काळ्या-पांढऱ्या अंगाच्या, लोंबत्या पोळीच्या, जेमतेम घरापुरतं दूध देणाऱ्या. भर मे महिन्यात त्या बांधावर चरत असायच्या आणि त्यांना पंखा लावावा असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. कातडी सैल, केस आखूड, हे झालंच. पण खरी गोष्ट पोटातली आहे. गायीच्या पोटात चारा आंबतो तेव्हा उष्णता तयार होते; जितका चारा जास्त, दूध जास्त, तितकी भट्टी मोठी. तीन-चार लिटर देणाऱ्या देवणीची भट्टी चुलीएवढी, वीस लिटर देणाऱ्या एचएफची गुऱ्हाळाएवढी. त्यात एचएफचं मूळ पडलं हॉलंडच्या गारव्यातलं. पंचविशीच्या वर पारा गेला की तिचं बिनसायला लागतं, आणि आपल्याकडं मार्च उजाडला की पंचवीस अंश सकाळच्या चहालाच भेटतात.

चार वर्षांपूर्वी मामांनी नवा गोठा बांधला तेव्हा ऊन लागू नये म्हणून चारी बाजूंनी हिरवी जाळी लावली, वर पत्रा टाकला आणि एका दुकानदाराच्या सांगण्यावरून धुक्यासारखं पाणी उडवणारे फॉगर बसवले. दिसायला महाबळेश्वर. पण वारा कोंडलेला, खाली जमीन ओली, हवा दमट. गायी पहिल्यापेक्षा जास्त धापा टाकायला लागल्या. पाणी उडालं की गारवा येतो हे खरं, पण ती ओली हवा बाहेर गेली तरच. आमच्या शेजारी नळदुर्गात आदिलशाहीत बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल बांधला, त्यालासुद्धा वाऱ्यासाठी नदीकडं तोंड केलेल्या खिडक्या ठेवल्या. मामांनी तो महाल पन्नास वेळा पाहिलाय. गोठा बांधताना मात्र आठवला नाही. मी त्यांना तसं म्हणालो, तर म्हणाले, "तू तर शिकलेला हायस. तुला तरी कुठं आठवला?"

जाळी काढली. पत्र्यावर उसाचं पाचट अंथरलं. आणि मग, मामी नको नको म्हणत असताना, दावी सोडली.

मुक्त गोठा म्हणतात तो हाच. कागदावर सोपा आहे: एका मोठ्या गायीमागं साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा आणि सात चौरस मीटर उघडी, भोवती कुंपण, मध्ये पाण्याचा हौद, एका कडेला गव्हाण. मामांनी परसातल्या दोन कडुलिंबांना कुंपणात घेतलं. पहिल्या आठवड्यात मोठी चंद्री सगळ्यांना शिंगानं हुसकत हौदापाशी ठाण मांडून बसली. पाडीला दोन दिवस धड पाणी मिळालं नाही. मामींनी "मी सांगत होते" हे रोज दोनदा ऐकवलं. मग मामांनी दुसऱ्या टोकाला दुसरा हौद केला. दोन हौद असले की एक गाय दोन्हीकडं दादागिरी करू शकत नाही, एवढं साधं गणित. शेण गोळा करायला मात्र आता वेळ जास्त लागतो, आणि पावसाळ्यात उघड्या जागेत चिखल होऊन कासेला घाण लागते. कासदाहाची भीती तिथूनच. तेव्हा मुरूम टाकावा लागतो आणि धार काढून झाल्यावर सड औषधी पाण्यात बुडवावे लागतात. हे मुक्त गोठ्याच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर असतं.

पण मी दिवसभर कट्ट्यावर बसून पाहिलं ते असं. अकरा वाजता सगळ्या गायी मोठ्या लिंबाखाली. साडेबाराला सावली सरकली तशा त्याही सरकल्या, कुणी न हाकता. दोन वाजता तिघी छपराखाली पंख्यासमोर उभ्या. बसलेली एकही नाही, कारण उभं राहिलं की अंगाला चहूकडून वारा लागतो. चंद्री एकटी हौदाच्या कडेला, सांडलेल्या पाण्यानं ओल्या झालेल्या जमिनीवर खूर रोवून. दाव्याला बांधलेल्या गायीला यातलं काहीच करता येत नाही. तिच्यासाठी सावली कुठं, वारा कुठला, पाणी कधी हे सगळं मालकानं ठरवायचं. आणि मालक त्या वेळी लग्नाला गेलेला असतो.

पाण्याचं एक बघण्यासारखं आहे. विहिरीपासून हौदापर्यंत काळा पाइप दीडशे फूट उन्हात पडलेला. तीन वाजता मामांनी कॉक फिरवला आणि पाइपचं तोंड हौदात न सोडता गवताच्या वाफ्यात सोडलं. मी हात घातला नि झटकन मागं घेतला. चहा करावा असं पाणी. चार-पाच मिनिटांनी धार गार झाली, तेव्हा पाइप हौदात. दोन वर्षं हे कळलंच नव्हतं. गायी दुपारी हौदाकडं येऊन तोंड लावून परत जायच्या आणि मामांना वाटायचं, तहान नाही. दुधात ८७ टक्के पाणी असतं. पाणी कमी प्यायली की संध्याकाळची किटली हलकी. दुभत्या एचएफला उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी लागतं. आठ जनावरांचं पिणं, धुणं, फवारणं धरलं तर मोठी टाकी रिकामी होते. म्हणून मामा नववं जनावर घेत नाहीत. "किती गाया ठेवायच्या ते हीर ठरवते," ते म्हणतात. २०१५-१६ च्या दुष्काळात चारा छावणीच्या रांगेत उभा राहिलेला माणूस दुसरं काय म्हणणार?

संकलन केंद्रावर मात्र विहीर, वारा, कडुलिंब यांचा हिशेब होत नाही. तिथं ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घनपदार्थ. त्याखाली गेलात की भाव कापला. उन्हाळ्यात फॅट पडते ती का, हे मला मामांनी गव्हाणीवर बसून समजावलं आणि मी पुढं पशुवैद्यकाकडून पडताळून घेतलं. गायीची लाळ पोटातलं आम्ल मारते. त्यात सोडा असतो. धापा टाकताना ती लाळ जमिनीवर गळून जाते. त्यात उकाड्यानं कडबा खायचा कंटाळा, पण पेंड चवीची म्हणून ती तेवढी खाते. कडबा कमी म्हणजे रवंथ कमी, रवंथ कमी म्हणजे लाळ आणखी कमी. पोट आंबतं, फॅट उतरते. आपण काय करतो? फॅट उतरली म्हणून सरकी पेंड वाढवतो.

मामा तेच करत होते. आता त्यांनी घड्याळ फिरवलंय. चारा पोटात गेल्यावर काही तासांनी भट्टी भडकते. सकाळी नऊला पोटभर खाल्लं तर भडका नेमका दुपारी. म्हणून वैरणीचा मोठा वाटा संध्याकाळी सातनंतर आणि पहाटे चारला. कडबा कुट्टी करून, पाणी शिंपडून, मुरघासात मिसळून. दुपारी गव्हाण जवळजवळ रिकामी. डॉक्टरांनी सांगितल्या मापानं खाण्याचा सोडा आणि खनिज मिश्रण. पहाटे चारला उठायचं काम मामींकडं आलंय, हे सांगायला मामा विसरले; मामी विसरल्या नाहीत.

रात्री अकराला मामा बॅटरी घेऊन गोठ्यात गेले, मी मागोमाग. उन्हाळ्यात गायी दिवसा माज दाखवत नाहीत, दाखवला तर रात्री, तोही थोडा वेळ. बांधलेली असेल तर ती हंबरेल, तेवढंच. मोकळी असेल तर दुसरीवर चढते किंवा दुसरीला चढू देते, ते अंधारातही दिसतं. रात्री दिसलं की सकाळी रेतन करणाऱ्याला फोन. माज हुकला की एकवीस दिवस वाया, आणि तेवढे दिवस चारा फुकट. म्हशीचं आणखी अवघड. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी थोड्या, उन्हाळ्यात माज मुका. मामांच्या दोन म्हशींना लिंबाची सावली पुरत नाही, त्यांना अंगावर पाणीच हवं. दिवसातून तीनदा पाइपनं धुतल्या की त्या डोळे मिटून उभ्या राहतात. इतका समाधानी चेहरा मी माणसात क्वचित पाहिलाय.

पत्र्याच्या अगदी टोकाला, पश्चिमेच्या उन्हाच्या बाजूला, पूर्वी एक जागा भाकड नि आटवलेल्या गायींची असायची. दूध देत नाही, मग तिला कशाला पंखा? सगळ्या गावाचा हाच हिशेब आहे. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातल्या अभ्यासकांनी नेमकं तेच तपासलं. विण्याआधीच्या शेवटच्या दोन महिन्यांत जिला गारवा मिळाला ती पुढच्या वेतात जास्त दूध देते, आणि तिची कालवडही पुढं सरस निघते. कास त्याच दिवसांत नव्यानं घडत असते. हे मामांना मी सांगितलं. या लेखातली माझी मदत म्हणाल तर एवढीच. त्यांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एक पंखा सरकलेला होता.

निघायच्या आदल्या रात्री गच्चीवर वारा सुटला होता. मी मोबाइलवर तापमान आणि आर्द्रता घालून उष्णतेचा निर्देशांक काढत बसलो होतो. पशुवैद्यक वापरतात तो. ७२ च्या वर गेला की दुभत्या एचएफला ताण. दुपारी ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता धरली तर ८४. रात्री २६ अंश, ४० टक्के: बरोबर ७२. म्हणजे दिवसभर साठलेली ऊब रात्री अंगातून निघून जायला वाट आहे. मग जूनचे आकडे घातले. पहिला पाऊस पडून गेलाय, पारा ३४ वर उतरलाय, आर्द्रता ६०, निर्देशांक ८५. आणि रात्री तेच २६ अंश, पण आर्द्रता ८५ टक्के: ७७.

मामांना आकडे दाखवले. चष्मा नव्हता, तरी पाहिल्यासारखं केलं.

"ते मला ठावं हाय," म्हणाले. "मे महिन्याचं कौतुक कशाला करायलास? मिरगात ये. सगळे म्हणत्यात गार झालं, आन् माझ्या गाया रातभर उभ्या राहत्यात."

खाली चंद्री बसली होती, रवंथ करत. बॅटरीच्या उजेडात मोजले: पंधरा सेकंदात अकरा.

"चव्वेचाळीस," मी म्हणालो.

"लिव मग कॅलेंडरवर," मामा म्हणाले, आणि पहाटेच्या कुट्टीची पाटी गव्हाणीपाशी ठेवायला गेले.