कापड पुढे नेणारा विल्सन

जुनी लुगडी आणि मऊ पडलेली धोतरे यांच्या गोधड्या आजवर हातानेच धावदोरा घालून शिवल्या, परंतु आता बोटे साथ देत नाहीत, सबब नवे शिवणयंत्र घेण्याची तजवीज चालू आहे आणि दुकानदार म्हणतो की ज्या यंत्रात टाक्यांचे प्रकार अधिक ते यंत्र श्रेष्ठ, तर हे शास्त्राच्या कसोटीला उतरते काय, असा प्रश्न एका वाचक भगिनींनी पाठविला आहे. दुकानदार असत्य बोलत नाही. तो दुसऱ्याच कोणाच्या तरी प्रश्नाचे उत्तर देत आहे. गोधडीला टाका लागतो एकच, सरळ. दोनशे नक्षीदार टाक्यांपैकी उरलेले एकशे नव्याण्णव यंत्राच्या किमतीत तेवढे उतरतात. आपण पाहावयाचे ते एवढेच, की सुई वर उचलली गेली की त्या क्षणार्धात कापड पुढे कोण नेतो आणि किती इमानाने नेतो. आणि ही युक्ती ज्याने शोधून काढली त्याचे नाव शिवणाच्या वर्गात सहसा कोणी उच्चारीत नाही.

इतिहासाने सारे श्रेय सुईला आणि सुईवाल्यांना दिले. टोकाशी नेढे असलेली सुई आणि खालून धावणारा धोटा यांच्या संयोगाची सनद अमेरिकेत एलियस हाव याला 1846 साली मिळाली, आणि भाल्यांच्या टोकांना छिद्रे असलेले रानटी योद्धे स्वप्नात दिसल्यामुळे त्याला ते नेढे सुचले, अशी कथा पुढे रूढ झाली. ती मला पटत नाही, कारण वॉल्टर हंट नावाच्या न्यूयॉर्कच्या कारागिराने त्याआधी दहा-बारा वर्षे तशीच सुई वापरून यंत्र केले होते व त्यासाठी त्याला कोणतेही स्वप्न पडावे लागले नव्हते. आयझॅक सिंगर याने पत्नीचे कष्ट पाहवेनात म्हणून प्रेमापोटी हे यंत्र घडविले, असे महात्माजींनीही 1924 साली कौतुकाने सांगितले होते व यंत्रांवरील आपल्या आक्षेपातून त्याला सूट दिली होती. सूट सर्वथैव उचित. परंतु सिंगर महाशयांचे एकाच काळी अनेक संसार चालू होते आणि अपत्यसंख्या विसाच्या पुढे गेली होती, तेव्हा नेमके कोणत्या पत्नीचे कष्ट, असे विचारण्याचा मोह होतो.

या प्रसिद्ध पुरुषांच्या गर्दीत अ‍ॅलन बेंजामिन विल्सन हा कपाटे-मेजे घडविणारा, प्रकृतीने अशक्त असा सुतार मागे राहिला. हावच्या यंत्रात कापड एका पट्टीवरील खिळ्यांना उभे टांगावे लागे आणि पट्टीची लांबी संपली की यंत्र थांबवून, कापड उतरवून, पुन्हा टांगावे लागे. वळणाची शिवण तर अशक्यच होती. विल्सनने 1854 साली ज्या योजनेची सनद मिळविली तिच्यात कापडाखाली दातेरी पट्टीचा एक लहानसा तुकडा आहे आणि त्याला चार गती आहेत: वर येणे, पुढे जाणे, खाली बुडणे, मागे परतणे. नावाडी वल्हे पाण्यात बुडवितो, खेचतो, उचलतो आणि हवेतून परत आणतो. पाण्यातूनच परत आणील तर नाव जागची हलणार नाही. विल्सनचे दाते हे असेच वल्हे आहे, फक्त येथे नावाडी जागीच बसलेला असून सरकते ती नदी, आणि परतीचा प्रवास कापडाला न शिवता खालून होतो. आज कोणत्याही यंत्राचा फूट, म्हणजे कापड वरून दाबून धरणारा पाय, उचलून पाहा, तेच दाते दिसतील. 1856 साली मोठ्या कारखानदारांनी परस्परांवरील फिर्यादी मिटवून सनदांचा सामायिक तहनामा केला, त्यात विल्सनची सनदही होती. पण यंत्रामागे मिळणाऱ्या रकमेने गबर झाला तो हाव, आणि विल्सनने सनदेच्या मुदतवाढीसाठी 1874 साली अमेरिकेच्या काँग्रेसकडे केलेली दरखास्त नामंजूर झाली.

आता गोधडीची अडचण ध्यानात येईल. वल्हे खालून चालते, वरचा फूट मात्र गुळगुळीत व स्थिर. त्यामुळे तळचा थर दात्यांबरोबर जातो आणि वरचा थर घर्षणाने किंचित मागे रेंगाळतो. एका थराच्या सदऱ्यात हे जाणवतही नाही. परंतु टाका अडीच मिलिमीटरचा आणि प्रत्येक टाक्यामागे वरचा थर केवळ दशांश मिलिमीटर मागे राहतो असे समजा, म्हणजे दोन मीटरच्या एका ओळीत आठशे टाके पडून दोन थरांत आठ सेंटिमीटरांची तफावत पडते आणि तिच्याच सुरकुत्या होतात. यावर उपाय ‘वॉकिंग फूट’ या जोडणीचा: तिच्यात वरूनही दाते असतात आणि ते खालच्यांच्या तालावर चालतात. फुटाचा दाब कमीजास्त करता येतो की नाही, तेही विचारावे. वेलबुट्टी काढावयाची असेल तर दाते खाली पाडून कापड हाताने फिरवितात. अशा वेळी मिनिटाला आठशे टाक्यांच्या वेगाने अडीच मिलिमीटरचा टाका हवा असल्यास हात सेकंदाला सुमारे तेहतीस मिलिमीटर, आणि तोही एकसारखा, सरकला पाहिजे. हे सवयीने साधते.

दुसरी गोष्ट जागेची. पाच फूट रुंदीच्या गोधडीचा मध्य शिवताना तिचा अर्धा भाग, म्हणजे पाऊण मीटर, गुंडाळून यंत्राच्या कमानीखाली कोंबावा लागतो. थरांची जाडी चार मिलिमीटर असेल तर त्या वळकटीचा व्यास सहा सेंटिमीटरांच्या आसपास भरतो आणि काम निभते; आत कापूस घालून जाडी बारा मिलिमीटर केली की व्यास साडेदहाच्या पुढे जातो आणि साधी घरगुती कमान तेथे अडते. कमानीची रुंदी आणि उंची दोन्ही फूटपट्टीने मोजावी. माहितीपत्रकात रुंदीच तेवढी ठळक छापलेली असते.

मोटारीच्या वॉटांवर तर मुळीच भाळू नये. तो आकडा मोटार किती वीज खाते ते सांगतो. सहा-आठ थरांच्या शिवणीत, मंद गतीतही, सुई न अडखळता उतरविण्याचे सामर्थ्य किती, ते नव्हे. वेग कमी होताच मोटारीचा जोर टिकवून धरणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसेल तर मोठा आकडाही तेथे घुटमळतो. उलट जुन्या काळ्या पायमशीनचे जड बिडाचे चाक फिरता फिरता शक्ती साठवून ठेवते आणि नेमक्या टोचण्याच्या क्षणी ती खर्च करते. तशी मशीन माळ्यावर असेल तर तेलपाणी करून, नव्वद किंवा शंभर नंबरची सुई लावून, आधी तिचीच परीक्षा घ्यावी.

परीक्षा सोपी आहे. गोधडीत जे घालणार त्याच लुगड्याच्या, एक मीटर लांबीच्या काटेकोर सारख्या पट्ट्या कापून दुकानात न्याव्यात, एकावर एक ठेवून, न ओढता, मंद गतीने टीप मारून घ्यावी आणि शेवटी वरची पट्टी खालचीपेक्षा किती पुढे उरली ते मोजावे. वॉकिंग फूट लावून हेच पुन्हा करावे. दुकानदार पट्ट्या लावू देण्यास का-कू करू लागला तर दुकान बदलावे.